खुर्चीशिवाय शिवलेला कोट

उपकार मानायची मला सवय नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आपले उपकार मानतं, आपण फक्त मान हलवायची आणि पुढचा कोट टेबलावर घ्यायचा. तीस वर्षं मी तेच केलं. पण गेल्या काही महिन्यांत माझ्यावर इतक्या लोकांचे उपकार झालेत, की ते लिहून ठेवले नाहीत तर एखादा राहून जाईल अशी भीती वाटते. हाताला सध्या काम नाही, तेव्हा लिहायला वेळही आहे.

मी काठाची शिंपीण. आमचा देश पाच बेटांचा, आणि पाचही बेटांची जमीन माणसाला धरून ठेवत नाही. का ठेवत नाही याची कारणं शाळेत शिकवतात. मला विचाराल तर जमिनीचं आणि आमचं पहिल्यापासूनच पटत नाही. मोकळा सोडलेला माणूस इथे सावकाश वर जातो, आणि एकदा घरांच्या वर गेला की वारा त्याला समुद्रावर घेऊन जातो. म्हणून लहानथोर सगळ्यांच्या अंगात लांब कोट आणि कोटाच्या काठात दगड. बेटावरचे दगड आमच्यासारखेच उंडगे, त्यांचा उपयोग नाही. कामाचा दगड समुद्राच्या तळाचा, काळा, पाणबुडे काढून आणतात तो.

कोटाच्या काठाला छत्तीस कप्पे असतात. कुणाला वीस दगड लागतात, कुणाला तीस. उरलेले कप्पे रिकामेच शिवून टाकायचे. कुणाला किती, ते खुर्ची ठरवते. कोट काढून माणसाला खुर्चीवर बसवायचं, पट्टा आवळायचा. खुर्ची साखळीच्या लांबीइतकी वर उठते. मग बैठकीखालच्या तबकात एकेक दगड ठेवत जायचं. चारही पाय फरशीला टेकले की माप झालं. माणूस आजारी पडला, खंगला, की आणखी हलका होतो आणि दगड वाढवावे लागतात. म्हणून वजन कचेरीचा नियम आहे, की ज्या दिवशी खुर्ची त्याच दिवशी काठ. जुन्या मापावर नवा कोट शिवणं हा आमच्याकडे गुन्हा आहे.

तसं मला खुर्ची लागतेच असं नाही. दाराशी आलेल्या माणसाच्या चालण्यावरून मी आकडा सांगते आणि खुर्ची नंतर माझ्याच बाजूने निकाल देते. गल्लीत याचं कौतुक आहे, आणि खोटं कशाला बोलू, मलाही होतं.

घरात आम्ही तिघं. आमचे हे रंगारी, छतं रंगवतात. काठातले दहा दगड काढून ठेवायचे, कमरेची दोरी खाली बांधायची, वर जाऊन छताशी नाक लावून काम करायचं. स्वभावही तसाच, कुणाला विरोध म्हणून नाही. तिसऱ्या वन्सं, यांची मोठी बहीण. आईबाप लवकर गेले तेव्हा वन्संनी यांना वाढवलं आणि स्वतःचं लग्न राहू दिलं. पस्तीस वर्षं मास्तरीण होत्या. निवृत्त झाल्या, पण समोरच्याला मधेच थांबवून सुधारण्याची खोड काही निवृत्त झाली नाही. घर त्यांच्या वडिलांचं. खाली माझं दुकान आणि मागे स्वयंपाकघर, वर राहायच्या खोल्या, त्यातली रस्त्याकडची वन्संची.

आमचं बिनसलं ते कात्रीवरून. एका दुपारी दुकानात आले तर वन्सं माझ्या टेबलाशी बसून माझ्या मोठ्या कात्रीने पुठ्ठा कापत होत्या. शेजारच्या मुलींना कसलासा तक्ता करून हवा होता. पुठ्ठा! शिंप्याच्या कात्रीला पुठ्ठा लावणं म्हणजे काय, ते शिंप्यालाच कळतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"वन्सं, ती कापडाची कात्री आहे."

"कात्रीच ना? कापायलाच असते."

"धार गेली म्हणजे?"

"गेली की लावून आण. अजून गेलेली नाही. जे झालं नाही त्यावर भांडू नये."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण राग माझ्या नाकावरच बसलेला असतो. मी म्हटलं, "दुसऱ्याच्या घरात राहायचं, तर दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावू नये माणसानं."

 वन्संनी कात्री बंद करून ठेवली. पुठ्ठ्याचे बारीक तुकडेसुद्धा गोळा केले. कठड्याला धरून जिना चढून गेल्या. त्यांच्या बापाच्या घरात मी त्यांना परकं केलं होतं, आणि तेही पुठ्ठ्यावरून. माफी मागायची तर त्याच संध्याकाळी मागायला हवी होती. दुसऱ्या दिवशी ती जड वाटली, आठवड्याने त्याहून जड. मी महिना जाऊ दिला. एकाचे बघता बघता अकरा महिने झाले.

या अकरा महिन्यांत आमच्या ह्यांचे हाल कुत्रा खाईना. दोघींच्या मधे उभं राहून निरोप पोचवायचे. "ताईला सांगा, पाणी तापलंय." "ताई, पाणी तापलंय." "तिला सांग, मी बहिरी नाही." वन्सं जेवणाचं ताट वर घेऊन जायच्या. जिन्यात समोर आल्या तर मी भिंतीकडे बघायची. त्यांच्या खोलीत जायचं कारण नव्हतं आणि मी कारण शोधलंही नाही.

मग एक दिवस हे म्हणाले, "अगं, ताईच्या कोटाचं अस्तर गेलंय. शिवून शिवून किती शिवणार? नवा करून दे."

"या म्हणावं दुकानात. खुर्ची काय वर नेऊ?"

निरोप गेला. उत्तर आलं, "बोलावणारीनं बोलवावं."

मी बोलावलं नाही. आणि कोट शिवला. आता तुम्ही म्हणाल, बाई, इतकी वर्षं धंद्यात काढलीस आणि खुर्चीशिवाय काठ? हो. गेल्या वर्षीचं माप मला पाठ होतं, बावीस. मोठ्या माणसाचं माप वर्षात असं काय बदलतं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि कोट मात्र असा शिवला, की मी आजवर कुणाला तसा शिवलेला नाही. गडद निळं कापड, आतून पांढरं अस्तर, काठाला दुहेरी टाका. जे बोलता येत नव्हतं ते मी शिलाईत घालत होते, असं आता वाटतं. तेव्हा वाटत होतं, की बघा म्हणावं, मी कशी आहे ते.

यांच्या हाती कोट वर गेला. "छान झालाय म्हणाली," हे सांगत आले. मी विचारलं नव्हतं, तरी ऐकून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वन्सं बाहेर पडल्या. जिन्यावर पावलं वाजली, मी मान वर केली नाही. थोड्या वेळाने रस्त्यावरून ओरडा आला, "सुटलं! माणूस सुटलं!"

आमच्याकडे हा ओरडा वर्षा-दोन वर्षांतून एखादा येतो. ऐकला की हातातलं टाकून धावायचं असतं. मी हातात कात्री घेऊनच धावले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीला कठडा आहे, पण आमची गल्ली बंदराच्या रस्त्याला मिळते तिथे गाड्या वळाव्यात म्हणून सात पावलं मोकळी आहेत. त्या सात पावलांवर वाऱ्याने वन्संना उचललं होतं.

न्हाव्याच्या पाटीइतक्या वर होत्या त्या. दोन्ही हातांनी कोट खाली दाबून धरलेला. ओरडत नव्हत्या. टपालवाल्याने उडी मारून पाय पकडला, तो बूट तेवढा त्याच्या हातात राहिला. न्हाव्याच्या दुकानातून हे बाहेर आले, तोंडावर चुना, कमरेला दोरी. आत छतासाठी चुना कालवणं चाललं होतं, काठातले दगड अजून काढायचे होते.

"अगं, किती काढू?" एवढंच विचारलं यांनी. वर कोण आहे ते त्यांना दिसलं होतं.

किती काढायचे हे ठरवायला वर जाणाऱ्या माणसाचं माप कळायला हवं. मी वर पाहिलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा मी वन्संकडे नीट पाहिलं, आणि ते असं खालून. गालफडं बसलेली. मनगटं बाहीत हरवलेली. पाटीपासून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत जायला त्यांना दहापर्यंत मोजण्याइतकाच वेळ लागला. बावीस दगड काठात असून इतक्या वेगाने वर जाणाऱ्या माणसाला एकतीस लागत असतात. नऊ कमी होते, आणि तो काठ माझा होता. 

"चौदा," मी म्हणाले, आणि यांच्या पायाशी बसून काठ उसवायला घेतला. तेरा काढले तर हे त्यांना गाठू शकणार नव्हते. पंधरा काढले तर बाजूने सरळ वर निघून गेले असते. एका मोजणीत मी चुकले होते आणि दुसरी त्याच हातांनी करत होते, तीही माझ्याच माणसावर. दगड रस्त्यावर एकेक पडत होते आणि मी मोठ्याने मोजत होते. चौदाव्याला यांचे पाय सुटले.

रंगाऱ्याची दोरी ती, छतापुरती. हे तिसऱ्या मजल्याशी पोचले आणि दोरी संपली. भाजीवालीने टोक दोन्ही हातांनी धरलं होतं, तिच्या मागे टपालवाला, त्याच्या मागे न्हावी आणि अर्धी दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईक. "दोरी! आणखी दोरी!" मी ओरडले. माझा आवाज तसा बंदरापर्यंत जातो, त्या दिवशी पलीकडच्या बेटावर गेला असेल.

समोरच्या गॅलरीतल्या काकूंनी पहिली वाळत घालायची दोरी सोडून टाकली. कपडे काढत बसल्या नाहीत. मग वरच्या मजल्यावरून एक आली, शेजारून दुसरी, लाँड्रीवाल्याने तर सगळं अंगणच उपटून आणलं. भाजीवाली नावाड्याची लेक, तिची गाठ सुटत नाही. तिने गाठीमागून गाठ मारली आणि दोरी पुन्हा वर जाऊ लागली. चादरी, उशांचे अभ्रे, कुणाचा तरी पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, सगळं ओलं, आमच्या डोक्यावर ठिबकत आकाशात चाललं होतं. गच्चीच्याही वर यांनी वन्संना गाठलं. आधी कोटाचा कोपरा, मग हात, मग कमरेला मिठी. खाली वीसपंचवीस माणसांनी एकदम ओढायला सुरुवात केली.

वन्संचे पाय रस्त्याला टेकले तेव्हा चार बायका त्यांना धरून होत्या. चेहरा पांढरा पडला होता. श्वास लागल्यावर पहिलं वाक्य म्हणाल्या, "त्या अभ्र्यांना साबण राहिलाय. नीट खळबळत जा." गल्ली खो-खो हसली. मी हसता हसता खाली बसले. भाजीवालीने मला बखोटीला धरून उभं केलं. तिला वाटलं, मी घाबरले म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या दोऱ्या सोडवल्या, कपडे पुन्हा धुतले, इस्त्री केली आणि घरोघर परत द्यायला गेले. काकू म्हणाल्या, "अहो दोरीच ती, तिचं काय एवढं." टपालवाला म्हणाला, "बाईंनी मला चौथीत मारलं होतं, नाहीतर आज टपालाचे पत्ते वाचता आले नसते." न्हाव्याने मला बसवून चहा पाजला. आणि प्रत्येक जण विचारत होता, असा काठ कसा काय दगा देतो हो, तोही तुमच्या हातचा? बेटावरचा दगड असेल, खोटा दगड असेल, पाणबुड्यांनी फसवलं असेल. माझी चूक असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. मी मूग गिळून चहा प्याले. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

डॉक्टर येऊन गेले. वन्संच्या पोटात वर्षभर दुखणं होतं. जेवण जात नव्हतं. ताट वर का नेत होत्या ते कळलं. अर्ध्याहून अधिक खिडकीच्या जाळीतून पाखरांना जात होतं. औषधं सुरू झाली. बरं होईल म्हणाले, पण वेळेवर कळायला हवं होतं असंही म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. घरात दुसरी बाई मीच. वन्संना खुर्चीवर बसवलं तेव्हा एकतीसच भरले, आणि मग त्यांना कॉटला पट्ट्याने बांधून ठेवलं होतं. मी उशाशी बसायची, त्या डोळे मिटून घ्यायच्या. बोलणं तेव्हाही झालं नाही.

चौथ्या दिवशी वजन कचेरीत चौकशी होती. सुटलेल्या माणसाची चौकशी होतेच, आणि तिचे निकाल दोनच. शिंप्याची चूक निघाली तर कात्रीला वर्षभर कचेरीचं सील. माणसाने स्वतः काठ उसवला असेल तर त्याने वर्षभर दोरीवर राहायचं, म्हणजे घराबाहेर पडताना कमरेला दोरी आणि टोक घरच्या कुणाच्या तरी हातात. दोन वर्षांच्या पोरांना तसं नेतात. मोठ्या माणसाला दोरीवर पाहिलं की लोक रस्त्यात थांबून बघतात.

खोली लहान होती. एक टेबल, मागे काचेच्या कपाटात सील केलेल्या कात्र्या, भिंतीशी पट्ट्याचा बाक. वन्संना आम्ही दोघांनी धरून आणलं आणि बाकावर बसवून पट्टा आवळला. तपासनीस वन्संना पाहून ताडकन उभा राहिला. तो त्यांचा विद्यार्थी निघाला. वन्सं म्हणाल्या, "बस. पाठ सरळ ठेव." तो बसला आणि पाठ सरळ केली.

टेबलावर निळा कोट होता. तपासनीसाने विचारलं, "बाई, काठ हलका कसा झाला?"

वन्सं शांतपणे म्हणाल्या, "मी उसवला. आमच्या शिंपीणबाईंनी रीतसर खुर्चीवर बसवून एकतीस घातले होते. गुडघ्याला लागत होते म्हणून नऊ मी काढून टाकले. बघ, नऊ कप्पे उसवलेले आहेत."

मी कोटाकडे पाहिलं. खरंच नऊ कप्पे उघडे होते. काल संध्याकाळपर्यंत नव्हते. पट्ट्याने बांधलेल्या त्या बाईने नखांनी नाहीतर दातांनी माझा दुहेरी टाका तोडला होता. इतकी वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं, आणि आता माझी कात्री वाचावी म्हणून आपल्या विद्यार्थ्यासमोर न अडखळता खोटं बोलत होत्या.

तपासनीसाने सुटकेचा श्वास सोडला. त्याच्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं. त्याने शिक्का उचलला. आणि मी गप्प होते. हे लिहायलाच हवं. शिक्का शाईत बुडेपर्यंत मी गप्प होते, आणि मनात दुकान, गिऱ्हाइकं, नाव, सगळं येऊन गेलं. मग मला त्या दोरीवर चालणाऱ्या वन्सं दिसल्या. कोपऱ्यावर थांबून बघणारी माणसं दिसली, त्यात त्यांनीच शिकवलेली निम्मी.

"थांबा," मी म्हणाले. "ते कप्पे उलटे करून बघा."

"गप्प बस," वन्सं म्हणाल्या. अकरा महिन्यांत माझ्याशी थेट बोललेला पहिला शब्द.

"नाही बसणार. साहेब, समुद्रतळाचा दगड एक दिवस जरी कप्प्यात राहिला तरी पांढऱ्या अस्तराला काळं लागतं, आणि ते धुऊनही जात नाही. या बावीस कप्प्यांत काळं आहे. या नवांत बघा. कोरे आहेत. यांत दगड कधी नव्हताच. मी बावीसच घातले. खुर्चीवर बसवलं नाही. जुन्या मापावर शिवला."

"ही काहीही बडबडते आहे. हिला शिवणातलं कळत नाही!" वन्सं तावातावाने म्हणाल्या.

"मला? शिवणातलं?"

"नाहीतर काय! असा टाका असतो का? इतका घट्ट! तोडता तोडता माझा दात हलला!"

तपासनीस एकदा इकडे बघत होता, एकदा तिकडे. दारात उभे असलेले आमचे हे हसू दाबत होते की रडू, ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी तपासनीसाने कप्पे एकेक करून उलटे केले. नऊही पांढरे. त्याने शिक्का खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "पण बाई, तुम्हाला जाणवलं असेल की. कोट हलका आहे हे अंगात घातल्यावर कळतं. मग बाहेर का पडलात?"

वन्संनी उत्तर माझ्याकडे न बघता दिलं. "सात महिने मी पिशवी घेऊन फिरत होते. पिशवीत इस्त्री आणि मोठा शब्दकोश. लोकांना वाटायचं, बाई अजून अभ्यास करतात. त्या दिवशी पिशवी घरी ठेवली. पायाखाली हलकं वाटत होतं, तरी ठेवली. म्हटलं, खुर्चीशिवाय शिवलाय म्हणजे हिनं बघून शिवला असणार. हिची नजर चुकत नाही. मलाच उगीच हलकं वाटतंय, आजारपणानं."

माझी नजर चुकली नव्हती. मी बघितलंच नव्हतं. हे मी तिथल्या तिथे मोठ्याने बोलले, आणि मग कोटाच्या बाहीने डोळे-नाक पुसायला लागले. तपासनीसाने पाण्याचा पेला पुढे केला. वन्सं म्हणाल्या, "पदर नाही, रुमाल नाही, कोटाला कसलं नाक पुसतेस," आणि आपला रुमाल दिला.

निकाल लागला तो लागलाच. माझी कात्री वर्षासाठी त्या काचेच्या कपाटात गेली. तपासनीस म्हणाला, "बाईंचा काठ आता दुसऱ्या शिंप्याकडून करून घ्या. तोवर कचेरीचा कोट देतो."

"नको," वन्सं म्हणाल्या. "मी दुसऱ्या कुणाच्या हातचा कोट घालणार नाही. हिची कात्री सुटेपर्यंत हाच घालीन. मला दोरी दे."

"बाई, दोरी शिक्षेची असते. तुमची काही चूक…"

"मागून घ्यायला बंदी आहे का? नियम वाच."

त्याने नियमांचं पुस्तक काढलं. दोनदा वाचलं. बंदी नव्हती.

"मग दे. आणि टोक हिच्या हातात दे."

हे पुढे झाले, म्हणाले, "ताई, मी धरतो की." वन्सं म्हणाल्या, "तुला दोन माणसं धरायची सवय आहे. हिला लागू दे." यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाले. अकरा महिन्यांचं ओझं यांच्या खांद्यावरून उतरलेलं मला दिसलं. त्या माणसाने मला एका शब्दाने विचारलं नाही, की माझ्या बहिणीला तू बावीसवर कसं काय बाहेर सोडलंस. अजूनही विचारलेलं नाही. त्याबद्दल मी रोज त्यांचे मनातल्या मनात उपकार मानते. आज इथे उघड मानते.

कचेरीतून घरी येताना मी दोरी धरून पुढे, वन्सं एक हात कठड्यावर ठेवून मागे. लोक थांबून बघायला लागले. माझे कान तापले. वन्संची मान ताठ होती. नळाच्या कोपऱ्यावर मी म्हणाले, "वन्सं, घर तुमचं आहे. मी त्या दिवशी बोलले ते…"

"ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पुढे बघून चाल. आणि पावलं लहान टाक, मी काही तुझ्या वयाची नाही."

आता चार महिने झाले. खरं काय घडलं ते गल्लीला कळलं, तेव्हा मला वाटलं होतं आता कुणी दारात उभं राहायचं नाही. भाजीवाली दुसऱ्याच दिवशी आली, म्हणाली, "दुकान बंद तर बंद, खुर्ची तर चालू आहे ना? माझं माप घेऊन दे, काठ खालच्या गल्लीतल्याकडून करून घेते." ती गेली तशा बाकीच्या आल्या. खालच्या गल्लीतला शिंपी, ज्याच्या टाक्यांना मी इतकी वर्षं नावं ठेवली, तो माझ्या मापावर डोळे मिटून काठ शिवतो. काकू फक्त म्हणाल्या, "आता नजरेनं नको हो, खुर्चीनंच घ्या." मी खुर्चीनेच घेते. ऐकून घेण्यासारखं बोलल्या त्या.

वन्सं रोज सकाळी खुर्चीवर बसतात. एकतीसचे तीस झाले, मग एकोणतीस. परवा सत्तावीसला पाय टेकले. मी तबकातले दगड पुन्हा मोजले, चूक नव्हती. वन्सं म्हणाल्या, "किती वेळ मोजशील? गणित तेच येणार," आणि मागे स्वयंपाकघरात जेवायला गेल्या. आता जेवायला खालीच बसतात.

संध्याकाळी आम्ही दोघी बंदरापर्यंत चालत जातो. त्या मागून माझं बोलणं सुधारत असतात आणि मी पुढे ऐकत असते. घरून निघताना दोरीचं टोक मी मनगटाला दोनदा गुंडाळते. त्या रोज म्हणतात, एकदा पुरे, हात काचेल. मी दोनदाच गुंडाळते.